पद्मिनी रंगवायचीय, काय काय काढून ठेवू?

पद्मिनी_मिरज
नमस्कार मंडळी. वडिलांची १९७८ची प्रीमियर पद्मिनी आहे, पांढरी, रोज नाही पण चालू आहे. रंग ठिकठिकाणी फुगलाय, पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात तर फोडच आलेत. पेंटर म्हणतो बंपर आणि ग्रिल तेवढं काढू, बाकी मास्किंग करून (टेप-कागदाने झाकून) मस्त होतं, काचेच्या भानगडीत पडू नका फुटली तर शोधत बसाल. माझा विचार असा की हँडल, बीडिंग (कडेच्या चकचकीत पट्ट्या), मोनोग्राम (गाडीच्या नावाचे बिल्ले), लाइटी मीच घरी काढाव्यात आणि मग गाडी त्याला द्यावी. काय काढू, काय राहू देऊ? आणि गंजलेले बोल्ट कसे सोडवायचे?

जुनी_फियाट_पुणे
पेंटरचं ऐकू नका. काचेच्या कोपऱ्यात फोड आलेत म्हणजे गंज रबराखाली आहे, रबरात पाणी मुरतं आणि पत्रा आतून खातं. वरून टेप लावून रंग मारला की वर्षभरात तिथंच परत फुगणार आणि टेपच्या कडेने रंगाची पापडी सुटणार ती वेगळीच. माझा साधा हिशोब, ज्याच्या खाली रबर किंवा क्लिप आहे ते सगळं निघालंच पाहिजे. लाइटी, हँडल, बीडिंग, वायपर, आरसे, काचा.

काच काढताना दोघं लागतात. रबरात क्रोमची पट्टी असेल तर आधी ती हळू ओढून घ्या, मग आतल्या बाजूने वरच्या कोपऱ्यापासून रबराची कड लाकडी पट्टीने बाहेर ढकलत जायचं, बाहेर एकजण काच धरून उभा. स्क्रू ड्रायव्हर अजिबात नको. रबर कडक झालं असेल तर वाचवत बसू नका, कापून टाका, नवीन रबर परवडतं काच नाही परवडत. बसवताना रबराच्या खाचेत सुतळी फिरवून साबणाचं पाणी लावायचं आणि आतून सुतळी ओढत कड वर घ्यायची.

गॅरेजवाला_कोल्हापूर
वरच्यांशी सहमत, फक्त दरवाजे काढू नका. बिजागऱ्या एकदा हलल्या की फटी जुळवता जुळवता डेंटरला घाम फुटतो, आणि रंग तोच ठेवणार असाल तर गरजही नाही. काढायचेच असतील तर बिजागरीभोवती सुईने रेघ मारून ठेवा.

बोल्टला आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल (गंजात मुरणारं पातळ तेल) मारा, सकाळी आधी किंचित घट्ट करायचा मग सैल, नुसता उलटा जोर लावला तर डोकं तुटतं. बंपरचे बोल्ट नाही सुटले तर सरळ ग्राइंडरने कापा, पण ठिणग्या काचेवर आणि टाकीकडे जाऊ देऊ नका.

बाहेरच्या हँडलचे नट आतून असतात म्हणजे आधी आतलं पॅनल काढावं लागणार. काच वरखाली करायचं हँडल ओढायचं नाही, मागची गोल चकती आत दाबून बघा, पिन किंवा क्लिप दिसेल, ती काढली की हातात येतं. मोनोग्रामची पिन मागून हळू ठोका, पण जुनं मॅझॅक (जस्ताचा ओतीव मिश्रधातू) आतून भुसभुशीत झालेलं असतं, चिकटवलेलं असेल तर मागून मासे धरायचा नायलॉनचा दोरा करवतीसारखा चालवा. आणि प्रत्येक गोष्ट काढायच्या आधी मोबाइलवर फोटो, स्क्रू पिशवीत घालून वर लिहायचं ना की "पुढचा डावा हेडलाइट"!! हे कोणी करत नाही आणि मग जोडणी करताना पेंटरच्या दुकानात तंटा होतो.

पद्मिनी_मिरज
खूप धन्यवाद दादा. एक शंका, ऑइल मारलं तर रंगाला काही होणार नाही ना?

पेंट_किडा
होतं की! तेल किंवा सिलिकॉन पत्र्यावर राहिलं तर नवीन रंग तिथं धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. डॅशबोर्डला लावतात तो चकचकीत स्प्रे तर रंगकामाच्या खोलीत आणूच नका. पेंटरला सांगा घासायच्या आधी वॅक्स रिमूव्हरने पुसून घे, नाहीतर घासताना तेल अजून आत दाबलं जातं.

अजून दोन गोष्टी. दरवाजाच्या तळाशी आणि सिलला (दरवाजाखालचा उंबरठ्यासारखा पत्रा) पाणी निघायची छिद्रं असतात, ती पुट्टीने बुजत नाहीत ना ते स्वतः उभं राहून बघा. आणि उघडा पत्रा पावसाळ्यात ठेवू नका, आठवड्याभरात लाल होतो. एनसी (नायट्रोसेल्युलोज, लवकर सुकणारा) रंग असेल तर दमट हवेत पांढुरका मारतो म्हणून ज्याला जमेल त्याने दिवाळीनंतरच काम काढावं.

गॅरेजवाला_कोल्हापूर
रंग बदलायचा मोह झाला तर आधी आरटीओत कळवून आरसीवर नोंद करून घ्या. आणि गाडी ५० वर्षांची झाली की २०२१च्या नियमाप्रमाणे विंटेज नोंदणी करता येते, त्यात गाडीचं मूळ रूप टिकलेलं असावं लागतं. म्हणून जुने मोनोग्राम, बीडिंग भंगारात देऊ नका, वाकलेलं असलं तरी ठेवा.