मासे तळायला तेल कोणतं वापरता? (आणि आजीच्या कढईतले तितर)

तापीकाठची
परवा आमच्याकडे कढई उतू गेली. दूध नाही, तेल. ह्यांनी हतनूर धरणाकडून येताना रोहू आणला, सव्वादोन किलोचा, आणि मी मोठ्या कौतुकाने नवीन आणलेलं लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल कढईत ओतलं. दोन तुकडे टाकले तोवर ठीक, तिसरा टाकला आणि असा फेस चढला की काठावरून थेट बर्नरवर. गॅस बंद केला, ओटा पुसण्यात अर्धा तास गेला आणि उरलेले मासे मुकाट्याने रिफाइंडमध्ये तळले. सासूबाई बाजूला लसूण सोलत बसल्या होत्या, त्या एवढंच म्हणाल्या, "तेल बसू देनं पडस व माय."

त्या 'बसू दे'वरून मला एकदम माझी आजी आठवली. माहेर चोपड्याकडचं. घाण्यावरून तेल आलं की आजी आठ दिवस त्या डब्याला कुणाला हात लावू द्यायची नाही. मग वरचं निवळ तेल पळीने काढून किटलीत, ते तळणीला. मधलं भाजीला. तळाचा गढूळ गाळ वेगळ्या बुडकुल्यात, तो पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला चोळायला. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, मी पाच-सहा वर्षांची असताना ते कधीमधी तितर आणायचे. तितराच्या अंगाला चरबी म्हणून नसतेच, त्यामुळे आजी आधी हळद-मीठ लावून वाफवायची आणि मग लोखंडी कढईत पळीभर तेलावर परतायची, तेलात कधी बुडवायची नाही. मासा मात्र बुडवून तळायची. असं का हे तेव्हा विचारलं नाही आणि आता विचारायला ती नाही.

तर सांगा, तुमच्याकडे मासे, गावरान कोंबडी वगैरे कशात तळतात? जुन्या आठवणी असतील तर त्याही लिहा.

काय_भो
ताई मासे राहू द्या, आधी हे सांगा सांडलेल्या तेलात वांगं भाजलं का नाही 😀 एवढं घाण्याचं तेल वाया. आमच्याकडे भरीताच्या सीझनला किलोकिलोनं लागतं.

रेल्वे_क्वार्टर
लहानपण सगळं भुसावळच्या क्वार्टरमध्ये गेलं. शेजारी बंगाली काकू, पलीकडे बिहारचे ड्रायव्हर काका. रविवारी दोन्ही घरांतून सरसोच्या तेलाचा वास यायचा आणि आई खिडक्या लावून घ्यायची, डोळ्यांना झोंबतं म्हणून. काकूंची पद्धत अजून डोळ्यासमोर आहे. कढईत तेल, धूर निघेपर्यंत तापवायचं, पिवळा रंग थोडा फिका पडला की गॅस बारीक करून मिनिटभर थांबायचं मग हळद-मीठ लावलेला रोहू सोडायचा, ना पीठ ना रवा काही नाही. आणि एकदा टाकला की उलथायची घाई करायची नाही, मासा स्वतःहून तवा सोडतो म्हणायच्या. मी हे आईला सांगितलं तर आई म्हणाली आपल्या तेलाला असा धूर काढायला लागलास तर महिन्याचा डबा पंधरा दिवसात संपेल. आता मी नाशिकला आहे, सरसोची बाटली ठेवते फक्त माशासाठी. बायको... अरे नाही, ठेवतो. बायकोचा मोबाईल आहे, तिच्या कीबोर्डनं घोळ केला.

काय_भो
कीबोर्डनं का बायकोनं?

जुना_घाणेवाला
तापीकाठची ताई, तुमच्या सासूबाई बरोबर आहेत. माझी उमर तेलात गेली, आधी घाणा मग मिल. घाण्याच्या ताज्या तेलात शेंगदाण्याचा बारीक चोथा असतो, थोडं पाणी असतं आणि एक चिकट भाग असतो त्याला मिलमध्ये आम्ही गम म्हणतो. रिफाइंडला तो काढून टाकतात. घाण्याच्या तेलात राहतो, आणि तोच फेस धरतो. त्यात तुमचा मासा ओला असेल. धुतल्यावर निथळला का? फडक्याने टिपला का? पाणी तेलात गेलं की वाफ होणारच, नि चिकट तेलात ती वाफ अडकली की फेस. वरून कढई अर्ध्याच्या वर भरली असणार, पैजेवर सांगतो.

दुसरं. घाण्याचं तेल साधारण 160 डिग्रीच्या पुढे धूर सोडायला लागतं, रिफाइंड शेंगदाणा 230 पर्यंत दम धरतं. मासा खरपूस व्हायला तेल 170-180 ला लागतं. म्हणून घाण्याचं तेल तव्यावर, मध्यम आचेवर, थोडं थोडं. बुडवून तळायचं असेल तर रिफाइंड किंवा मग तुमच्या आजीसारखं आठ दिवस बसवलेलं निवळ तेल, तेही आच सांभाळून.

शिरपूरची_सून
माझं माहेर रत्नागिरी. लग्न होऊन शिरपूरला आले, पहिल्याच महिन्यात सासऱ्यांनी तापीचे मासे आणले, म्हटलं आता दाखवते. माहेरून आणलेलं खोबरेल काढलं आणि रव्यात घोळवून तळायला घेतले. दीर बाहेरून आले आणि दारातूनच म्हणाले, वहिनी केस धुतले का? सगळे हसून लोळले. जेवताना सासूबाई एक तुकडा खाऊन म्हणाल्या चव चांगली आहे पण डोक्याचं तेल ते डोक्यालाच बरं. त्या दिवसापासून माझ्या घरात दोन कढया. माझी वेगळी. दीर आता गुपचूप माझ्या कढईतलेच खातात.

बाकी इथे रवा नाही लावत, ज्वारीचं पीठ नाहीतर बेसन लावतात, ते बघून मला सुरुवातीला रडू यायचं.

काय_भो
वहिनी ज्वारीच्या पिठाबद्दल काही बोलायचं काम नाही 🙏

अमळनेरची_पोर
घाण्यावरून आठवलं, अमळनेरला तेलाचा कारखाना होता हे नव्या पोरांना सांगितलं तर विश्वास बसत नाही. विप्रो म्हणजे कॉम्प्युटर एवढंच माहीत. अरे ती कंपनी 1945 ला अमळनेरमध्ये वनस्पती तूप बनवायलाच सुरू झाली, नाव वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, इकडच्या शेंगदाण्याच्या जिवावर. आमच्या गल्लीत दोन प्रकारची घरं होती. ज्यांनी तेव्हा शेअर घेतले ती आणि ज्यांनी घेतले नाहीत ती. आमचं दुसऱ्या प्रकारात. आजोबा म्हणाले कागदाचं काय करायचं, त्यापेक्षा डबा आणू. डबा आणला. पुऱ्या खाल्ल्या. झालं.

मासे आम्ही खात नाही, सॉरी, वाचायला मजा आली म्हणून लिहिलं.

धुळ्याचा_पुण्यात
@अमळनेरची_पोर हाहाहा कोट्यवधीच्या पुऱ्या

आमच्याकडे रेशनचं पामतेल होतं. 80-90 च्या दशकातले लोक समजतील. थंडीत धुळ्याला पारा उतरला की ते बरणीत गोठून पांढरं व्हायचं, आई बरणी चुलीजवळ ठेवायची मग ओतायची. त्यात तळलेले बोंबील गरम असताना झकास, पण ताटात दहा मिनिटं राहिले की बाजूला मेणासारखा थर आणि खाताना टाळूला चिकटणार. वडील म्हणायचे पटापट खा, बोलू नका. आमच्या घरात जेवताना कुणी बोलत नाही त्याचं कारण संस्कार नाहीत, पामतेल आहे.

सातपुडा_पायथा
नंदुरबार जिल्हा. आमच्या बाजूला उकई धरणाच्या फुगवट्याचे मासे येतात नवापूरच्या बाजारात, सकाळी गेलं तरच. माझी फुई (आत्या) डोंगरात शिक्षिका होती, तिच्या गावात मोहाच्या बियांचं तेल काढायचे आणि त्यातच मासे भाजी सगळं. हे तेल पण थंडीत तुपासारखं घट्ट होतं. वास वेगळाच, पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला नाही आवडलं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी त्याच तेलात बारीक मासे कडक तळून नागलीच्या भाकरीबरोबर दिले तेव्हा मी चार भाकरी खाल्ल्या. तेलाची चव भाकरीवर ठरते असं माझं मत आहे

कुणाला चांगली मरळ कुठे मिळते माहीत असेल तर सांगा, चिलापी खाऊन कंटाळलो

आबासाहेब_७४
शिकारीचा विषय निघाला म्हणून लिहितो. माझे वडील ससा आणायचे. मी स्वतः तितर, लावरी खाल्लेली आहे, नाकारत नाही. 72 साली वन्यजीव कायदा आला. आमच्याकडे त्याच साली दुष्काळ, लोक मिलो (बाहेरून आलेली तांबडी ज्वारी) आणि सुकडी (दुष्काळात वाटलेलं पौष्टिक पीठ) खाऊन राहिले, कायद्याकडे कुणाचं लक्ष असणार. पुढे 91 च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकारसुद्धा बंद झाली. वडिलांनी त्याआधीच बंदूक जमा केली होती. तेव्हा आता आठवणी लिहा, पण कुणी आणून देतो म्हणाला तर घेऊ नका, सरळ जेलचं काम आहे.

ससा करायचा तर तिळाच्या तेलात, असं आई म्हणायची. ससा तुमच्या तितरासारखाच कोरडा. बुडवून तळला की चपलेसारखा होतो. मासा पाच मिनिटात शिजतो म्हणून त्याला बुडवता येतं. तुमच्या आजीचं गणित हे असावं.

तापीकाठची
आबा 🙏 किती वर्षांनी उत्तर मिळालं मला. खरंच.

लेकीची_आई_जळगाव
मी करडई वापरते सगळ्याला, डॉक्टरांनी सांगितलं नाही, कुणी सांगितलं नाही, वडिलांच्या शेतात करडई होती म्हणून. काढणीला हातापायाला काटे टोचायचे, हातमोजे म्हणून जुने पायमोजे घालायचो. माशाला करडई चांगली, स्वतःचा वास नाही, पण एकदा तळलेलं पुन्हा वापरलं की लगेच चिकट होतं आणि झाकणीला पिवळं डिंकासारखं चिकटून बसतं, घासून हात मोडतात. सरकीचं तेल वापरतं का कुणी? आमच्याकडे सरकी म्हटलं की ढेपच आठवते, म्हशीची.

जाते, कुकरची तिसरी झाली

जुना_घाणेवाला
सरकीचं तेल रिफाइंड केलेलंच खायचं. कच्चं काळपट असतं, त्यात गॉसिपॉल म्हणून विषारी घटक असतो तो रिफाइनिंगमध्ये काढतात. नीट केलेलं असेल तर तळणीला चांगलं चालतं, वास नसतो. फरसाणवाले वापरतात.

आणि जळगावच्या ताई उरलेल्या तेलाचं बोलल्या ते महत्त्वाचं. माशाचं उरलेलं तेल गाळून झाकून ठेवा, दोन-चार दिवसात मासा किंवा अंड्यालाच वापरा नि मग टाका. पापडाला नको. हॉटेलवाल्यांना 2018 च्या जुलैपासून नियम आहे, तेलातले टोटल पोलर कंपाउंड (म्हणजे पुन्हा पुन्हा तापवून तेल बिघडलं की तयार होणारे घटक) 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही. घरी मोजायचं यंत्र नसतं, पण काळं पडलं, घट्ट झालं, तापवताना फेस धरायला लागलं, खवट वास आला, की समजायचं. सिंकमध्ये ओतू नका, पाईप तुंबतो, माझा तुंबला आहे.

एअरफ्रायरवाली
एअर फ्रायर घ्या सगळे. एक चमचा तेल. विषय संपला.

काय_भो
ताई एअर फ्रायरमधला मासा म्हणजे मासा गरम हवेच्या झोतात बसलेला असतो. मे महिन्यात जळगावच्या गच्चीवर ठेवला तरी तसाच होईल.

एअरफ्रायरवाली
😂😂 गच्चीवर मांजरं नेतील

शिरपूरची_सून
@सातपुडा_पायथा मरळसाठी सारंगखेड्याला विचारा, सासरे तिकडून आणायचे. यात्रेच्या वेळी नका जाऊ, घोडे बघण्यात दिवस जातो आणि मासा राहतो.

सातपुडा_पायथा
घोडा परवडत नाही मासाच बरा. धन्यवाद ताई

तापीकाठची
आज परत केलं. मोठ्या कढईत नाही, बिडाच्या तव्यावर. मासा धुऊन तासभर चाळणीत निथळत ठेवला, मग जुन्या धोतराच्या फडक्याने एकेक तुकडा टिपला (आबांचं नाही, ह्यांच्या वडिलांचं). तेल तेच घाण्याचं, पण आठवडाभर बसलं होतं, तळाला बोटभर गाळ स्पष्ट दिसत होता, वरचं पळीने काढलं. ज्वारीचं पीठ, हळद, लसूण-मिरची, मीठ. फेस आला, पण तुकड्याच्या कडेकडेनेच, बारीक, आणि मिनिटात बसला. कड तांबूस झाली आणि मासा खरंच स्वतःहून सुटला, रेल्वे क्वार्टरवाल्या काकूंना नमस्कार सांगा.

सासूबाईंनी दोन तुकडे खाल्ले आणि विचारलं गाळ कुठे ठेवला. म्हटलं टाकणार होते. म्हणाल्या टाकू नको, पोळा येतोय. आता बैल कुठे आहेत आमच्याकडे, ट्रॅक्टर आहे. तरी ठेवलाय बुडकुल्यात.

काय_भो
ट्रॅक्टरच्या बेअरिंगला लावा ताई.