मदत हवी आहे: माइंड मॅपसाठी सॉफ्टवेअर कोणतं, आणि सुरुवात कशी करायची?

कृष्णाकाठ_सांगली:
राज्यसेवेच्या भूगोलासाठी कृष्णा खोऱ्याचा माइंड मॅप (मधल्या विषयातून मुद्द्यांच्या फांद्या फुटणारी आकृती) मराठीतून करायचाय. लॅपटॉप विंडोज १०, रॅम ४ जीबी, नेटचा भरवसा नाही. फुकटातलं काय घ्यावं? मराठी नीट उमटेल का?

माहुलीकर:
फ्रीप्लेन घ्या. मुक्तस्रोत आहे, नेट लागत नाही, ४ जीबीत चालतं. ते जावा नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर चालतं, म्हणून जावासकट असलेलीच सेटअप फाइल उतरवा.

टॅब दाबलं की उपशाखा, एंटर दाबलं की शेजारची शाखा. मजकूर दुरुस्त करायचा तर आधी एफ२. नोड (मॅपमधला एकेक मुद्दा) नुसता निवडून टाइप करायला लागलात तर जुना मजकूर जाऊन नवा बसतो (कंट्रोल-झेडने परत येतो). स्पेसबारने फांदीची घडी पडते. "माझं सगळं उडालं" म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचा स्पेसबारला धक्का लागलेला असतो. पुन्हा दाबा, उघडते.

अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर फॉन्ट निर्मला यूआय करा. जुन्या नोट्स श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये असतील तर आधी युनिकोडमध्ये (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) बदलून घ्या, नाहीतर फॉन्ट कितीही बदला, कचराच दिसणार.

आता मांडणी. मध्यभागी कृष्णा, पहिल्या पातळीवर वेण्णा, कोयना, येरळा, वारणा, पंचगंगा. प्रत्येकीखाली उगम, संगम, धरण. म्हणजे वेण्णेला माहुली (संगम) आणि कण्हेर (धरण), कोयनेला कऱ्हाड, येरळेला ब्रह्मनाळ, वारणेला हरिपूर आणि चांदोली, पंचगंगेला नृसिंहवाडी. नोडमध्ये दोन-तीन शब्दच. "कोयना महाबळेश्वरला उगम पावून कऱ्हाडला कृष्णेला मिळते" असं अख्खं वाक्य कोंबलंत तर ती वहीच झाली. लांब मजकूर त्या नोडच्या टिपणात ठेवा.

वाळवा_तालुका:
एक भर. एवढं सगळं एकेक टाइप करायची गरज नाही. नोटपॅडमध्ये एका ओळीत एक मुद्दा लिहा, उपमुद्द्याआधी टॅब द्या, सगळं कॉपी करून मधल्या नोडवर पेस्ट करा. फांद्या आपोआप पडतात. टॅब आणि स्पेस मिसळलेत तर मात्र पातळ्या चुकतात.

दुसरं, मॅपच्या झाडात प्रत्येक नोडला पालक, म्हणजे वरचा नोड, एकच. "२०१९ चा सांगलीचा पूर" कोयनेच्या विसर्गाखाली घ्यायचा की वारणेच्या? त्याची शाखा वेगळीच करा, मग कंट्रोल धरून दोन्ही नोड निवडा आणि कंट्रोल-एल दाबा, जोडरेषा येते. अशा रेषा पाच-सहाच ठेवा. त्यापुढे नुसता गुंता.

कृष्णाकाठ_सांगली:
दोघांचेही आभार. धरणांचे फोटो घातले तर चालतील? आणि मोबाइलवर कसं बघायचं?

माहुलीकर:
फोटो एमएम फाइलच्या (फ्रीप्लेन मॅप ज्यात सेव्ह करतं तिच्या) पोटात जात नाहीत, फक्त त्यांचा पत्ता नोंदवला जातो. आधी मॅप सेव्ह करा, फोटो त्याच्याच शेजारच्या फोल्डरमध्ये ठेवा, मग जोडा. पेनड्राइव्हवर नेताना अख्खा फोल्डर न्या. नुसती फाइल नेलीत तर चित्रांच्या जागा रिकाम्या.

मोबाइलसाठी पीडीएफ काढा. मोबाइलवरच काम करायचं असेल तर एक्समाइंडचं ॲप आहे, दिसायलाही देखणं, पण काही सोयी पैसे भरल्यावरच मिळतात.

वाळवा_तालुका:
प्रिंट काढणार असाल तर ए४ आडवा धरा. सगळं एका पानात बसवायला गेलात की अक्षरं मुंगीएवढी होतात. त्यापेक्षा पंचगंगेची वेगळी फाइल करा आणि मुख्य मॅपमधल्या नोडवर कंट्रोल-के दाबून तिची लिंक द्या.