बाप्तिस्म्याच्या अर्थाविषयी मदत हवी आहे

सर्वांना सप्रेम सलाम. सोलापुरात गेल्या महिन्यात माझ्या चार महिन्यांच्या पुतणीचा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत सामील करून घेण्याचा पाण्याचा विधी, झाला. पाळकसाहेबांनी तीन वेळा कपाळावर पाणी घातले तेव्हा ती दचकून रडली, आणि आईने पदराने तिचे डोके टिपले. परंतु वहिनींच्या माहेरची मंडळी, जी स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यालाच पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देतात, ती हा विधी ग्राह्य मानत नाहीत; त्यामुळे वहिनी फार अस्वस्थ आहेत.

बायबलच्या नव्या करारातील रोमकरांस पत्राच्या 6 व्या अध्यायात प्रेषित पौल बाप्तिस्म्याला ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे म्हणतो, आणि बुडवण्यात तो अर्थ डोळ्यांना दिसतो, हे मला मनापासून मान्य आहे. मात्र नव्या करारातीलच प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या अध्याय 16 मध्ये फिलिप्पैच्या बंदिशाळेचा नायक घरच्या सर्वांसह बाप्तिस्मा घेतो; त्या घरात बाळे होती की नाही, हे तेथे सांगितलेले नाही.

मग तान्ह्या बाळाच्या बाप्तिस्म्याचे प्रयोजन नेमके काय समजावे? तो बाप्तिस्मा देवाने आपल्या लोकांशी केलेल्या कराराची खूण आहे, की पुढे दृढीकरणाच्या (मोठेपणी विश्वास जाहीरपणे कबूल करण्याच्या विधीच्या) वेळी मुलीने स्वतः विश्वास कबूल केल्यावरच त्याला पूर्णत्व येते? वहिनींना वाचून दाखवता येईल असे उत्तर जाणकारांनी कृपया द्यावे.