थंडीपेक्षा ओल वाईट

'थंडी पडली की तुळस जाते, कुंडी घरात घ्या आणि रोज पाणी घाला' असं घरातल्या तुळशीबद्दलच्या या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय. कुंडी घरात घेणं पटलं, रोज पाणी घालणं अजिबात नाही. आम्ही पाचगणीचे. इथली डिसेंबर-जानेवारीची थंडी तुळस खिडकीच्या आत निभावून नेते. तिला खरं मारतं ते जून ते सप्टेंबरचं धुकं. जिथे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, तिथे कुंडीतली माती काय वाळणार? त्यात आंघोळ झाली की तांब्याभर पाणी घालायची रीत. पानं पिवळी पडली की वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून आणखी घालायचं, आणि खाली मुळं काळी पडून कुजलेली! आमच्या सासूबाईंचा नियम असा: पूजेला पळीभर पाणी, तांब्या फक्त बोट पेरभर खुपसून माती कोरडी लागली तरच. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू द्यायचं नाही.

मंजिऱ्यांबद्दल मात्र कुणीच लिहिलं नाही. घरात ऊन कमी, त्यात झाड बी धरायला लागलं की पानं बारीक होतात. कोवळ्या असतानाच खुडा (देवाला वाहा, वाया जात नाहीत). आणि मे महिन्यात, हवेत ऊब असताना, मंजिरी न आलेल्या वीतभर फांद्या खालची पानं काढून पेल्यात पाण्यात ठेवा. मुळं फुटली की लहान कुंडीत लावा. जुनं झाड पावसात गेलंच, तरी तुळशीच्या लग्नाला नवरी शोधत फिरावं लागत नाही.