विरघळणे आणि वितळणे: फरक नेमका कुठे?

प्रश्न

मीठ पाण्यात टाकले की ते ‘वितळले’ असे बरेच जण बोलून जातात. उलट बर्फ ‘विरघळला’ असेही सर्रास ऐकू येते. रसायनशास्त्रात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी चालतील का? त्यात द्रवणांक, द्रावण, विलयबिंदू असे शब्द समोर आले की कशाचा संबंध कशाशी, हेच कळेनासे होते.

उत्तर

चालणार नाहीत, आणि हा फरक राखायलाच हवा असे माझे ठाम मत आहे. वितळायला एकच पदार्थ पुरतो, त्याला उष्णता मिळाली की झाले. विरघळायला दोन पदार्थ लागतात: विरघळणारा, आणि तो ज्यात विरघळतो तो. वाक्यातही हे दिसते. ‘मीठ वितळले’ म्हटले की पुढचा प्रश्न ‘किती अंशांना?’, आणि ‘मीठ विरघळले’ म्हटले की ‘कशात?’

मीठ वितळवायचे तर ते ८०१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. तेव्हा ते लालसर तापलेला, वाहता द्रव होते आणि त्यात पाण्याचा थेंबही नसतो. तेच मीठ साध्या पाण्यात काही क्षणांत दिसेनासे होते, कारण तिथे पाण्याचे रेणू मिठाच्या स्फटिकातले आयन (विद्युतभार असलेले कण) एकेक करून ओढून घेतात. १०० ग्रॅम पाण्यात, २५ अंशांना, असे सुमारे ३६ ग्रॅम मीठ मावते. त्यानंतर टाकलेले तळाशीच राहते, आणि अशा द्रावणाला संपृक्त म्हणतात. वितळण्याला अशी ‘मावण्याची’ मर्यादा नसते. उष्णता देत राहिलात तर सगळा पदार्थ वितळतो.

बर्फ वितळताना तापमापीवरचा आकडा ० अंशावरच थांबतो, हेही लक्षात घ्या. एक ग्रॅम बर्फाचे पाणी व्हायला सुमारे ३३४ ज्यूल उष्णता लागते. ती कणांना एकमेकांच्या पकडीतून सैल करण्यात खर्च होते, म्हणून तापमान वाढत नाही.

उत्तर

गोंधळाचे मूळ पारिभाषिक शब्दांत आहे. द्रवणांक, द्रावण, द्रावक, द्राव्य हे सगळे ‘द्रु’ या एकाच संस्कृत धातूपासून, म्हणजे क्रियापदाच्या मुळापासून, आले आहेत. त्यातला द्रवणांक (ज्या तापमानाला पदार्थ वितळतो ते) वितळण्याचा, बाकी तिन्ही विरघळण्याचे: द्राव्य विरघळते, द्रावकात विरघळते, आणि दोन्ही मिळून द्रावण होते. ‘विलय’चेही तसेच. विलयबिंदू म्हणजे द्रवणांकच, तो वितळण्याचा, आणि ‘पाण्यात विलय पावणे’ म्हणजे विरघळणे. बोलीतल्या दोन क्रियापदांनी जो भेद स्वच्छ ठेवला तो संस्कृतातून घडवलेल्या संज्ञांत पुसट झाला. म्हणूनच मराठी विश्वकोशात वापरलेला ‘वितळबिंदू’ हा शब्द मला फार आवडतो. तो वाचताच अर्थ कळतो, वेगळी व्याख्या पाठ करावी लागत नाही.

प्रश्न

मग ‘जस्त आम्लात विरघळते’ हे बरोबर का? तिथेही ‘कशात?’ याचे उत्तर आहेच.

उत्तर

फार नेमके विचारलेत. बोलताना चालते, पण लिहिताना जपून. मिठाचे पाणी आटवले तर मीठ परत मिळते. मिठाच्या जागी दुसरे काही तयार झालेले नसते, म्हणून विरघळण्याला सहसा भौतिक बदल मानतात. जस्त विरल सल्फ्युरिक आम्लात टाकले की हायड्रोजनचे बुडबुडे येतात. तो द्रव आटवला तर जस्त परत मिळत नाही, झिंक सल्फेटचे स्फटिक मिळतात. हा रासायनिक बदल आहे, तेव्हा ‘जस्ताची आम्लाशी अभिक्रिया होते’ असे लिहिणेच बरे.

साखरेच्या बाबतीतही सावध राहायला हवे. पाण्यात ती विरघळते, पण कोरडी तापवली तर वितळता वितळताच तिचे विघटन सुरू होते, रंग तपकिरी होतो आणि शेवटी काळा कार्बन उरतो. त्याला नुसते ‘साखर वितळली’ म्हणणे अपुरे आहे.

आणि विरघळलेला पदार्थ ‘नाहीसा झाला’ असे कृपया लिहू नका. १०० ग्रॅम पाण्यात १० ग्रॅम मीठ विरघळवले की ११० ग्रॅमच द्रावण भरते. वस्तुमानाची बेरीज जुळते, आकारमानाची मात्र जुळेलच असे नाही. ५० मिलिलिटर पाणी आणि ५० मिलिलिटर अल्कोहोल मिसळले तर मिश्रण १०० मिलिलिटरपेक्षा कमी भरते.

प्रश्न

वितळण्याच्या उलट क्रियेला काय म्हणायचे? संघनन म्हणजे घन होणे ना?

उत्तर

नाही. संघनन म्हणजे वायूचा द्रव होणे. द्रवाचा स्थायू होतो ते घनीभवन, साध्या शब्दांत गोठणे. ‘गोठणे’ला आपण मनात थंडी चिकटवली आहे, म्हणून ‘लोखंड १५३८ अंशांना गोठते’ हे वाक्य कानाला खटकते. पण ते अगदी बरोबर आहे. शुद्ध लोखंड ज्या तापमानाला वितळते त्याच तापमानाला गोठते.

उत्तर

एक भर घालतो. पहिल्या उत्तरात मिठाचे ‘आयन’ म्हटले आहे ते योग्यच. साखर विरघळताना तिचे रेणू अख्खे राहून पाण्यात पसरतात. मिठाच्या स्फटिकात मात्र सुटे रेणू नसतातच, सोडियम आणि क्लोराइडचे आयन आलटून पालटून रचलेले असतात. त्यामुळे ‘मिठाचे रेणू पाण्यात पसरले’ हे चूक. हिंदी पुस्तके वाचणाऱ्यांनी आणखी एक पाहावे: तिथला ‘अणु’ म्हणजे आपला रेणू, आणि आपल्या अणूला तिथे ‘परमाणु’ म्हणतात.