अडसर, खीळ, खोडा: कुठे कोणता?

मुद्रितशोधक, फोंडा
एकाच बातमीत तिन्ही आलेत: 'भूसंपादनाचा अडसर', 'कामाला खीळ', 'विरोधकांनी खोडा घातला'. सरसकट 'अडथळा' करावं का? 'अडसर घातला' चालेल का?

मराठी शिक्षिका, पेडणे
सरसकट नको, अर्थच सपाट होईल. खोडा म्हणजे कैद्याचे पाय अडकवायचं भोकांचं लाकूड. तो कोणीतरी मुद्दाम घालतो. 'पावसाने खोडा घातला' सर्रास छापतात, पण मला ते कच्चं वाटतं. पावसाला हेतू नसतो. खीळ म्हणजे मेख. दातखीळ बसते ती हीच. म्हणून खीळ बसायला काम आधी चालू हवं; पायाच न खणलेल्या पुलाला कसली खीळ? अडसर मात्र आडवा असतोच. तो 'ठरतो', 'दूर होतो'. भूसंपादनाला तोच योग्य.

सुतारकाम, डिचोली
दाराला अडसर घालतातच की! जुन्या चिऱ्याच्या घरांत दाराच्या आतल्या बाजूला, भिंतीच्या लांबीत एकीकडे खोल भोक आणि समोर उथळ भोक ठेवलेलं असतं. दार उघडं असताना लाकूड खोल भोकात ढकलून ठेवायचं, रात्री ओढून समोरच्यात बसवायचं. दाराची रुंदी साडेतीन फूट असेल तर अडसर चार फूट दोन इंच, म्हणजे बंद असताना दोन्हीकडे चार-चार इंच भिंतीत. खोल भोक चार फूट, म्हणजे आत सारल्यावरही दोन इंच टोक धरायला बाहेर राहतं. लाकूड फणसाचं किंवा माट्टीचं, म्हणजे ऐनाचं. भोकात चारही बाजूंनी पाव इंच मोकळीक हवीच, नाहीतर आषाढात लाकूड फुगतं आणि अडसर आतच अडकतो. खोल भोकाचा उतार आतल्या बाजूला झाला तर अडसर आपोआप मागे सरकतो आणि दार मोकळं होतं. वाळवीही तिथूनच लागते, कारण आत हात पोचत नाही. वर्षातून एकदा पूर्ण बाहेर काढून तपासा.

मुद्रितशोधक, फोंडा
मग बातमीत 'पंचायतीने अडसर घातला' लिहू?

मराठी शिक्षिका, पेडणे
दाराला खुशाल घाला. पंचायतीने मुद्दाम अडवलं असेल तर 'आडकाठी केली' लिहा. 'खोडा'इतकं कडवट होत नाही. सगळं ठरल्यावर ऐनवेळी कोणी आडवं आलं, तर 'मोडता घातला'.