पावशाचा आवाज रेकॉर्ड करायचाय, मोबाईलवर नुसती वाऱ्याची घरघर येते

रानवाट_चिपळूण:
नमस्कार मंडळी, आमच्या घरामागे आंब्याची बाग आहे आणि मे संपत आला की पावशा पहाटेपासून "पेरते व्हा, पेरते व्हा" सुरू करतो. आजोबा ते ऐकूनच बियाणं काढायला घ्यायचे. ते गेल्यापासून वाटतंय हा आवाज नीट जपून ठेवावा. चार दिवस मोबाईलवर प्रयत्न केला पण आवाज मधेच दबतो आणि शेवटचा चढा सूर फाटतो. माईक घेऊ का? बजेट दहा हजार.

सह्यभटक:
दादा, माईकची घाई नको. फोनमधला रेकॉर्डर माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो, बाकीचं सगळं गोंगाट समजून दाबतो, त्यात पक्षी पण जातो. आवाज आपोआप कमी-जास्त न करणारं, वेव्ह (आवाज न दाबता जसाच्या तसा साठवणारी) फाईल देणारं ॲप वापरा, मर्लिन हे पक्षी ओळखायचं ॲप पण चालेल. आणि पावशा दर ओळीला वर वर चढत जातो ना, म्हणून रेकॉर्डिंगची लेव्हल पहिल्या सुरावर लावू नका, सगळ्यात वरच्या सुरावर लावा, तिथे ॲपच्या मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहिलं की फाटणार नाही. जवळ जाता आलं तर उत्तमच, अंतर निम्मं केलं की मोकळ्या जागेत आवाज 6 डेसिबलने वाढतो, तेवढं कुठलाही स्वस्तातला माईक देणार नाही. पैसे घालायचेच असतील तर आधी वाऱ्यासाठी फरचं कव्हर घ्या.

कस्तूरवेडी:
मी पावसाळ्यात आंबोलीला शीळकरी कस्तूर रेकॉर्ड करते, तो नेमका ओढ्याकाठी गातो आणि ओढ्याची खळखळ सगळं गिळून टाकते. मग मी ओढा आणि रेकॉर्डर यांच्या मधे मोठा दगड येईल अशी बसते, खूप फरक पडतो. रेनकोट घालू नका, जरा हललं तरी सळसळ येते, सुती शर्टच बरा. रेकॉर्डर हातात न धरता ठेवून द्या आणि लांब जाऊन बसा. शेवटी स्वतःच्या आवाजात जागा, वेळ, पक्षी बोलून ठेवा, नाहीतर वर्षाने काही आठवत नाही.

पाणकोंबडी७:
एक विनंती, त्याला बोलवायला स्पीकरवर त्याचाच आवाज लावू नका प्लीज, विणीचे दिवस असतात, दुसरा नर हद्दीत घुसला समजून तो बिचारा नुसता पळापळ करत बसतो. रेकॉर्डिंग चांगलं झालं तर झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या वेबसाईटवर टाका, 2005 पासून चालू आहे, जगभरातले लोक फुकट ऐकतात. आणि हो, पक्ष्याचं सगळ्यात जुनं माहीत असलेलं रेकॉर्डिंग 1889 चं, लुडविग कोख नावाच्या आठ वर्षांच्या जर्मन मुलाने पिंजऱ्यातल्या शामाचं केलेलं. तो शामा आपल्या घाटातही गातो!

रानवाट_चिपळूण:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज पावणेसहाला फोन विहिरीच्या कठड्यावर ठेवला आणि पडवीत येऊन बसलो. तीन मिनिटं सलग मिळाली, एकही सूर फाटला नाही. मधे आईने कळशी टेकवल्याचा आवाज आलाय, तो कापत नाहीये.